विसंवादाचे मोजमाप

साहित्याच्या चर्चेत ‘विसंवाद’ हा शब्द आपण बहुधा दोषवाचक अर्थानेच योजतो. ध्वनिविज्ञानाच्या इतिहासात मात्र स्वराचे मोजमाप हाती लागले ते विसंवादातूनच. त्या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

जोसेफ सोव्हर (१६५३–१७१६) हे पॅरिसमधील गणिती. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत त्यांना वाचा नव्हती आणि कानही अधू होते. तरीही त्यांनी संशोधनासाठी निवडले ते संगीतच. स्वरांची पारख करण्यासाठी त्यांना संगीतकारांच्या कानांवर विसंबावे लागे.

दोन स्वरांमधील गुणोत्तर तोवर सर्वज्ञात होते. परंतु एखाद्या स्वराची सेकंदाला कंपने किती, हे ठरवणे अवघड होते. मेर्सेन यांनी १६३६ च्या सुमारास लांब तारांच्या आधारे हिशेब मांडला होता. ऐकू येणाऱ्या स्वराची जलद कंपने डोळ्यांनी मोजणे मात्र अशक्यच.

ऑर्गनच्या जवळजवळच्या स्वरांच्या दोन नळ्या एकदम वाजल्या, की नाद ठरावीक अंतराने फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळत येताना आपणही हे ठोके ऐकतो. वाद्य जुळवणारा ते नाहीसे करू पाहतो. सोव्हर यांनी ते मोजले. दोन्ही कंपने एकमेकांशी जुळतात तेव्हा नाद वाढतो, विरुद्ध होतात तेव्हा मंदावतो. म्हणून सेकंदाला पडणारे ठोके म्हणजे दोन कंपनसंख्यांमधील फरक. समजा, स्वरांचे प्रमाण २४:२५ आहे आणि ठोके ४ पडतात. तर कंपनसंख्या ९६ आणि १०० ठरतात. गुणोत्तर कानाने दिले, फरक ठोक्यांनी दिला. उरले ते केवळ गणित.

या शास्त्रासाठी ‘अकूस्तीक’ हे नाव सोव्हर यांनीच सुचवले. ‘प्रिन्सिपिया’च्या १७१३ च्या आवृत्तीत न्यूटन यांनी त्यांच्या मोजणीचा आधार घेतला. पुढे १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी स्वरांच्या कर्कशपणाचे मूळ जलद ठोक्यांतच शोधले.

दोन स्वर पूर्णपणे एकरूप झाले, तर त्यांच्यातून मोजण्याजोगे काहीच उरत नाही. एकाच कवितेची दोन वाचने समोर ठेवताना आपण त्यांचा मेळ घालण्याची घाई करतो. त्यापूर्वी त्यांच्यातील ठोके मोजावेत, असे आम्हांस वाटते.