गाफील, वेंधळा आणि मेंदूतल्या तारा

उर्दूत 'गाफील', मराठीत 'वेंधळा'. दोन्ही भाषा शिकवत असल्यानं हे दोन्ही शब्द माझ्या कानांवर सारखे पडतात. मुलाला लागलेला हा शिक्का माणूस मोठा झाला तरी पुसला जात नाही. लक्ष न लागणं हा स्वभावाचा दोष की मेंदूची अडचण, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

1798 साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरानं अशा अस्थिर चित्ताचं वर्णन लिहून ठेवलं. औषध मात्र योगायोगानं सापडलं. 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी रुग्णालयातल्या 30 मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. जवळपास निम्मी मुलं अभ्यासात एकदम सुधारली. 1944 मध्ये सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट बनवलं आणि पत्नी रीटाच्या नावावरून ते 'रिटालिन' झालं.

मोठ्यांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. आमच्या रबाळ्यात एमआयडीसीत कामाला जाणारे वडील मुलाची तक्रार ऐकून घेतात आणि हळूच म्हणतात, "सर, हा माझ्यावरच गेलाय." ते चूक नसतात, हा विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. 1976 साली यूटाहमध्ये पॉल वेंडर आणि सहकाऱ्यांनी प्रौढांनाच मेथिलफेनिडेट देऊन पाहिलं आणि अनेकांना फरक पडला.

पण उत्तेजक औषधानं चंचल माणूस स्थिर कसा होतो? 1995 मध्ये भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वल यांनी दाखवलं, की माणूस निवांत पडलेला असतानाही मेंदूचे दूरदूरचे भाग एका तालात काम करतात. 2001 मध्ये मार्कस राइकल यांनी विचार भटकत असताना जागं राहणारं एक जाळं ओळखलं. कामाला बसलो की ते शांत व्हायला हवं. लक्षाचा विकार असलेल्यांत ते पुरेसं शांत होत नाही. मेथिलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअॅड्रिनालिन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकवतं. त्यामुळे भटकणारं जाळं मागे सरतं आणि लक्षाच्या जाळ्याला वाव मिळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. प्रौढांवरचे अभ्यास लहान आहेत, त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. त्यामुळे नुसत्या स्कॅनवरून निदान होत नाही. त्यासाठी लहानपणापासूनची हकीकत विचारावी लागते.

भारतात हे औषध 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याखाली येतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं, रक्तदाब आणि हृदय तपासूनच ते घ्यायचं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची गोळी मागून घेण्याची ही गोष्ट नाही.

आपल्या मोहल्ल्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे 'वेडा' ठरणं, ही भीती अजून आहे. या भीतीपायी चाळिशीतली कितीतरी माणसं नोकऱ्या बदलत राहतात, घरात बोलणी खातात आणि स्वतःलाच गाफील समजतात. त्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी. इलाज असलेल्या त्रासाला जन्मभर ऐब म्हणत बसण्याची गरज नाही.