रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवे : मातृवंशाचा पुरावा आणि इतिहास

मंडणगड तालुक्यातील वेळास हे इतिहासाच्या अभ्यासकांना नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून परिचित आहे. पेशवाईतील या मुत्सद्द्याविषयी विपुल दप्तर उपलब्ध आहे. त्याच गावच्या पुळणीवर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांना असे दप्तर लाभलेले नाही. अंडी काढून खाणे व विकणे हा किनाऱ्यावरील जुना परिपाठ होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये वेळास येथे संरक्षणाचे काम हाती घेतले आणि घरट्यांची पद्धतशीर नोंद होऊ लागली. त्यानंतर दिसणारी वाढ कासवांची किती आणि शोधणाऱ्या डोळ्यांची किती, हे निव्वळ आकड्यांवरून ठरविता येत नाही.

जेथे कागद नाही, तेथे आनुवंशिक द्रव्याची साक्ष काढावी लागते. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केवळ आईकडून संततीस मिळतो. मादी आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परतून अंडी घालते, असे मानले जाते. हे खरे असेल, तर दूरदूरच्या किनाऱ्यांचे मातृवंश कालांतराने वेगळे पडले पाहिजेत.

कार्तिक शंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील कासवांची अशी तपासणी केली. तेथील सुमारे 96 टक्के कासवे एकाच विशिष्ट वंशशाखेची निघाली. पूर्व किनाऱ्याच्या अंतर्गत भेद आढळला नाही. मात्र शेजारच्या श्रीलंकेतील कासवांहूनही हा समूह निराळा ठरला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, हिंदी महासागरातील शाखा प्राचीन असून इतर महासागरांतील आजच्या ऑलिव्ह रिडले समूहांचा उगम त्यांच्यापासून झाला असावा. अर्थात, या चित्रात कोकण नव्हते. नमुने पूर्वेचे होते. त्यांवरून पश्चिम किनाऱ्याविषयी अनुमान काढणे घाईचे ठरले असते.

ही उणीव अलीकडील नोंदींमुळे तीव्रतेने जाणवते. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागर येथे उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. तथापि अन्नासाठी केलेल्या प्रवासाने मातृवंश मिसळत नाही; त्यासाठी परक्या किनाऱ्यावर अंडी घातली जावी लागतात. जानेवारी 2025 मध्ये नेमके तेच घडले. 2021 मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे सामूहिक विणीच्या वेळी खूणपट्टी लावलेली, 03233 क्रमांकाची मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. त्या घरट्यातील सुमारे 120 अंड्यांतून 107 पिल्ले बाहेर पडली. ती मादी मुळात कोठे जन्मली, हे खूणपट्टी सांगत नाही. तिने दोन्ही किनारे वापरले, एवढेच सिद्ध होते. एका मादीवरून समूहाचा इतिहास लिहिता येणार नाही, परंतु दोन किनारे परस्परांस सर्वस्वी बंद आहेत हे गृहीतक मात्र आता टिकत नाही.

प्रश्न केवळ वंशावळीचा नाही. 2004 च्या त्याच संशोधनानुसार आधीच्या दहा वर्षांत ओडिशाच्या किनाऱ्यावर एक लाखाहून अधिक कासवे मृत आढळली होती, आणि मासेमारी हे त्यामागील कारण होते. दोन्ही किनाऱ्यांचा समूह एकच असेल, तर तिकडील ट्रॉलरच्या जाळ्यात सापडणारी मादी गुहागरच्या पुळणीवरूनही वजा होते. समूह भिन्न असतील, तर कोकणातील लहान समूहाला पूर्वेकडून भर मिळण्याची आशा धरता येणार नाही. यांपैकी खरे काय, हे वेळास, आंजर्ले व गुहागर येथील उबवणी केंद्रांतून मिळणाऱ्या मृत पिल्लांच्या व न उबलेल्या अंड्यांच्या डीएनएची पूर्व किनाऱ्याशी तुलना करून पाहता येईल. त्यासाठी जिवंत कासवाला हात लावण्याचीही आवश्यकता नाही.