साथीदाराचे स्थान : ब्रूस लँगहॉर्न

अमेरिकेत १९६० च्या सुमारास लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाची जी चळवळ बहरास आली, तिचा इतिहास आजवर विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. हा इतिहास मुख्यतः गायकांचा आणि त्यांच्या शब्दांचा आहे. तसे होणे एका अर्थी स्वाभाविकच म्हटले पाहिजे. शब्द छापता येतात, त्यांचे पाठभेद नोंदविता येतात, त्यांवर भाष्य करता येते. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या शब्दप्रधान दृष्टीवर जणू राजमान्यतेची मुद्राच उमटली. परंतु ज्या ध्वनीच्या आधाराने हे शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचले, त्या ध्वनीचे कर्ते या इतिहासात बहुधा तळटीपेतच आढळतात. ब्रूस लँगहॉर्न हे अशांपैकी एक होत. त्यांच्या कार्याचा विचार करताना इतिहासलेखनाच्या साधनांविषयीचाही एक प्रश्न उपस्थित होतो. म्हणूनच हे टिपण.

लँगहॉर्न यांचा जन्म ११ मे १९३८ रोजी फ्लॉरिडा राज्यातील टॅलाहासी येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपणीच ते आईबरोबर न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेम भागात राहावयास आले. लहानपणी त्यांनी व्हायोलिनचा अभ्यास केला होता. बाराव्या वर्षाच्या सुमारास घरी बनविलेल्या अग्निबाणाचा स्फोट होऊन त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा व काही बोटांचा भाग तुटला आणि व्हायोलिन संपले. गिटार त्यांनी हाती घेतले ते पुढे, सतराव्या वर्षाच्या सुमारास. गिटारवादनात तारा छेडण्याचे काम उजव्या हाताकडे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीतील धाडस कळून येते. अंगठा व इतर बोटे वापरून एकाच वेळी खर्ज, सुरावट आणि ताल चालविण्याची त्या काळी रूढ असलेली पद्धत त्यांना पूर्णांशाने साध्य होण्याजोगी नव्हती. एकट्याने मैफल व्यापण्याऐवजी दुसऱ्याच्या गाण्यात नेमके काय घालावे याचा विचार करण्याकडे ते वळले, त्यामागे ही मर्यादा होती असे त्यांच्या मुलाखतींवरून दिसते. मर्यादेने शैली घडविली असे विधान आपण कलाक्षेत्रात फार सैलपणे करतो. येथे मात्र ते अक्षरशः खरे आहे.

ग्रिनिच व्हिलेज हा न्यूयॉर्कचा भाग या चळवळीचे केंद्र होता. तेथील ‘गर्डीज फोक सिटी’ या उपाहारगृहात ब्रदर जॉन सेलर्स या गायकाची साथ करीत लँगहॉर्न पुढे आले. सप्टेंबर १९६१ मध्ये कॅरोलिन हेस्टर यांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी गिटार वाजविले. त्याच बैठकीत हार्मोनिका वाजविण्यासाठी एक नवखा तरुण आला होता. तो म्हणजे डिलन. १९६३ च्या ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘कॉरिना, कॉरिना’ या गीताला लँगहॉर्न यांची साथ आहे. पुढे ओडेटा, जोन बेझ, रिचर्ड व मिमी फरिना अशा भिन्न प्रकृतींच्या गायकांनी त्यांना आपल्या ध्वनिमुद्रणांसाठी बोलाविले. एकट्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या मंडळींच्या ध्वनिमुद्रिका एकत्र ठेवून ऐकल्या, तर हा एक मनुष्य किती ठिकाणी उपस्थित होता याचे आश्चर्य वाटते.

त्यांच्या वादनाचे साधन साधे होते. मार्टिन बनावटीच्या जुन्या लाकडी गिटारच्या ध्वनिरंध्रावर विद्युतग्राहक बसवून तो नाद ते ध्वनिवर्धकातून काढीत. त्यामुळे लाकडी वाद्याचा मऊपणा न गमावता स्वर लांबविता येई. गायकाची ओळ चालू असता ते थोडे बोलत, ओळ संपता संपता एखादी लहान प्रतिसुरावट पुढे करीत आणि पुढली ओळ येण्यापूर्वी बाजूस होत. आपल्याकडे पोवाड्यातील झिलकरी शाहिराचा दम राखतो, त्याच्या जातीचे हे काम आहे. मात्र झिलकऱ्याचा ‘जी जी’ ठरलेला असतो, लँगहॉर्न यांची जागा प्रत्येक कडव्यात नव्याने शोधावी लागे.

याचा उत्तम पुरावा ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ या गीताच्या दोन ध्वनिमुद्रणांत सापडतो. जून १९६४ मध्ये डिलन यांनी ते प्रथम मुद्रित केले तेव्हा ध्रुपदात रॅम्बलिन जॅक एलियट त्यांच्यासह गात होते. ते मुद्रण त्या वेळी बाजूस ठेवले गेले व २००५ साली प्रकाशात आले. दुसरे, सर्वपरिचित मुद्रण १५ जानेवारी १९६५ चे आहे. पहिल्यात दुसरा मनुष्य तेच शब्द पुन्हा उच्चारतो. त्यामुळे शब्दांना भार येतो, पण अर्थाला अवकाश मिळत नाही. दुसऱ्यात लँगहॉर्न यांच्याकडे शब्दच नाहीत. त्यांचे गिटार गायकाच्या स्वराच्या आसपास फिरत राहते आणि एकट्याचे आवाहन संवादरूप होते. पहिले मुद्रण मागे पडण्याचे हे एकच कारण असेल असे नाही. पण दोन्ही ऐकणाऱ्यास फरक कोठे आहे हे सांगावे लागत नाही. विशेष हे की, या गीताची कल्पना ज्या वाद्यावरून सुचली ते भलेमोठे तुर्की डफासारखे वाद्य लँगहॉर्न यांचेच होते, असे डिलन यांनी १९८५ साली नमूद केले आहे. गीताचा विषय होण्याचा मान मिळाला. गीताच्या घडणीतील वाटा मात्र फारसा कोणी मोजला नाही.

जानेवारी १९६५ च्या या बैठकींत पूर्वतालीम जवळजवळ नव्हती. डिलन यांच्याशी आपले नाते परचित्तज्ञानासारखे होते, असे लँगहॉर्न पुढे सांगत. अशा अवधानाची किंमत ते चुकते तेव्हा कळते. त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘एकशे पंधरावे स्वप्न’ या गीताच्या आरंभी डिलन गाऊ लागतात, साथीदार वेळेवर येत नाहीत, हशा पिकतो आणि गाणे पुन्हा सुरू होते. निर्मात्यांनी हा प्रमाद तसाच राहू दिला. साथीचा अभाव कसा ऐकू येतो याचा एवढा बोलका दस्तऐवज क्वचितच मिळेल.

असे असता लँगहॉर्न मागे का पडले? या कालखंडाचे कथन २५ जुलै १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवाभोवती गुंफले गेले. त्या दिवशी डिलन विद्युत-वाद्यवृंदासह रंगमंचावर आले. गिटारवर माइक ब्लूमफील्ड होते. त्या गोंगाटाच्या तुलनेत, सहा महिन्यांपूर्वीच हलक्या हाताने झालेले संक्रमण कोणाच्या डोळ्यांत भरले नाही. शिवाय लँगहॉर्न यांच्या नावावर स्वतंत्र कृती थोड्या. पीटर फोंडा यांच्या ‘द हायर्ड हँड’ या १९७१ च्या चित्रपटाचे संगीत ही त्यांतील प्रमुख. बँजो, फिडल, डल्सिमर अशी वाद्ये त्यांनी स्वतःच एकावर एक मुद्रित केली. ते संगीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावयास २००४ साल उजाडले. १४ एप्रिल २०१७ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

इंग्रजीत अशा वादकाला ‘साइडमन’, म्हणजे बाजूचा माणूस, म्हणतात. ही संज्ञा केवळ जागा दाखविते. आपला ‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’पासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ एकत्र प्रवास करणारा तांडा असा आहे. तांड्यात पुढे कोण चालतो हे ठरलेले असते, परंतु वाट सर्वांची असते. लोकगीतांच्या या चळवळीचा इतिहास ज्यांना यापुढे लिहावयाचा आहे, त्यांनी गीतसंग्रहांबरोबर मूळ ध्वनिमुद्रणेही प्रथम दर्जाची साधने मानली पाहिजेत; आणि ती ऐकताना गायक श्वास घेण्यासाठी थांबतो त्या जागी कोण काय करीत आहे, तेही टिपून ठेवले पाहिजे.