नदीपलीकडची शाळा

कुठ्ठाळीच्या श्रीमंगेशास १५६० साली नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आले, ही हकीकत आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. आपले जे जपावयाचे त्यास स्वतःच्या गावी ठाव उरला नाही, तेव्हा लोकांनी ते उचलून पलीकडे नेले. त्याच मुरगाव तालुक्यातील काही आईबापांस पुढे तीच नदी आपल्या मुलांसाठी ओलांडावी लागली. मुलास ऐकू येत नसे, अथवा त्याची बुद्धी सावकाश चाले. गावच्या शाळेत त्याची सोय नव्हती, आणि संजय शाळा पर्वरीस. वास्कोहून तेथे जावयाचे म्हणजे जुवारी ओलांडावयाची आणि मांडवीही. १९८३ मध्ये पूल होण्यापूर्वी आगशीस उतरावयाचे तर फेरीबोटीवाचून गत्यंतर नव्हते.

गोमंतकातील शाळांचा इतिहास हा बहुतांशी पालकांच्याच खटपटीचा इतिहास होय. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या घराच्या सोप्यावर मराठी शाळा भरत, त्या सरकारने काढलेल्या नव्हत्या. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. घरोघरच्या मूठभर तांदळांवर ती उभी राहिली, आणि तिचे नावच त्याची साक्ष देते. त्या मुठींत ज्या घरचे मूल पांगळे होते त्या घरचीही मूठ असेलच. परंतु अशा मुलास शिकवावे कसे, ही विद्या तेव्हा आमच्यापाशी नव्हती. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा १८८५ मध्येच निघाली होती. तिचे लोण येथवर पोहोचण्यास मात्र फार काळ जावा लागला. दैवाचा भोग म्हणून गप्प राहणे आम्हांस अधिक सोयीचे वाटले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मुंबईतही पुढचे पाऊल आईबापांनीच टाकले. जय वकील व होरमसजी वकील या पारशी दांपत्याने १९४४ मध्ये बुद्धीने मंद असलेल्या मुलांसाठी शाळा काढली, ती आपल्या कन्येच्या निमित्ताने. मिठू अलूर यांची हकीकत याहून अधिक बोधक आहे. त्यांची कन्या मालिनी चिब हिला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. हातपाय व वाणी तिच्या ताब्यात नव्हती, बुद्धी मात्र लख्ख. आईने इंग्लंडात जाऊन विशेष शिक्षणाचे शास्त्र आत्मसात केले आणि १९७२ मध्ये मुंबईत अवघ्या तीन मुलांस घेऊन शाळा सुरू केली. मालिनी एका बोटाने टंकलेखन करीत सेंट झेविअर महाविद्यालयातून पदवीधर झाली व पुढे लंडनला गेली.

आम्हांस विशेष वाटते ते याच्या पुढचे. स्वतंत्र शाळा उभारणाऱ्या याच बाईंनी १९९९ पासून आपल्या संस्थेतील मुले साधारण शाळांत धाडण्याचे काम हाती घेतले. आपण बांधलेले घर अपुरे आहे असे म्हणणे ते बांधणाऱ्यास किती जड जाते, हे संस्था चालविणारे जाणतात. स्वतंत्र शाळेत मुलास वाचा, हालचाल, अक्षरओळख मिळते. शेजारची मुले मात्र मिळत नाहीत, आणि शेजारच्या मुलांसही ते मूल मिळत नाही.

अशा अनेक पालकांच्या आग्रहातूनच कायदेही झाले. पहिला १९९५ चा. त्याच वर्षी पालकसंघटनांचा ‘परिवार’ हा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्यानंतर २०१६ चा व्यापक कायदा आला. त्याच्या कलम ३१ प्रमाणे, ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत ‘किंवा’ विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. या ‘किंवा’वर आमचे लक्ष खिळते. जवळच्या शाळेत उतरंड नाही, शिक्षक नाही, अशी स्थिती असेल तर पसंती कसली? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक वर्गांसाठी अशा दहा मुलांमागे एक व त्यावरील वर्गांसाठी पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले, ते अशाच प्रश्नामुळे.

आता डिचोली तालुक्यात सर्वण येथे केशव सेवा साधनेची शाळा आहे, ढवळीस लोकविश्वास प्रतिष्ठानचे कार्य चालते. पूर्वीइतकी वणवण नाही. या संस्थांचे ऋण मोठे आहे. २०२३ च्या जानेवारीत पणजीत ‘पर्पल फेस्ट’ भरला, तेव्हा चाकाच्या खुर्च्यांसाठी वाटा झाल्या. उत्सवासाठी जे जमते ते वर्गासाठी जमविणे हे अधिक खर्चाचे नसून अधिक चिकाटीचे काम आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ केवळ सरकारी शाळांपुरते नाही. सरकारने अनुदान वा मान्यता दिलेल्या प्रत्येक शाळेत भेदभावाविना प्रवेश व्हावा, असे ते सांगते. आमच्या समाजाच्या संस्थांनी चालविलेल्या शाळाही त्यात येतात. त्यांच्या व्यवस्थापक मंडळांवर जे बसतात ते कोणी परके नव्हेत. देवस्थानच्या सभेत आणि सप्ताहाच्या बैठकीत आम्ही त्यांच्याच शेजारी बसतो, आणि तो आईबाप प्रवेशाचा अर्ज घेऊन त्यांच्याकडेच जातो.