इंजिनाच्या श्वासातली उष्णता : एका पॅकिंगचा इतिहास

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे, मूळ धोरणात २०३० सालासाठी ठेवलेले उद्दिष्ट भारताने २०२५ मध्येच गाठले. त्यावर झालेल्या वादात मायलेज, रबरी नळ्या आणि गंज यांना पुष्कळ जागा मिळाली. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांपुढचा एक प्रश्न त्या मानाने मागे राहिला : इंधन सिलिंडरमध्ये पोहोचण्याआधीच तापले तर काय होते? हा प्रश्न इथेनॉलहून फार जुना आहे. त्याचे उत्तर काही मिलिमीटर जाडीच्या एका तुकड्यात शोधण्याची खटपटही तितकीच जुनी आहे. गॅरेजमध्ये त्या तुकड्याला पॅकिंग म्हणतात, पुस्तकांत गॅस्केट.

आरंभीच्या अभियंत्यांना उष्णता नकोशी नव्हती. उलट ती हवीच होती. कार्ब्युरेटरमधून उडणाऱ्या पेट्रोलच्या तुषारांची वाफ होते तेव्हा त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून आणि धातूतून खेचली जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. थंड, दमट हवेत या गारव्याने कार्ब्युरेटरच्या नरड्यात चक्क बर्फ धरतो. बर्फ धरला नाही, तरी वाफ न झालेले पेट्रोल हवा वाहून नेणाऱ्या नळीच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या भिंतींवरून ओघळते आणि इंजिन अडखळते. म्हणून थंड देशांतील अनेक इंजिनांत हे मॅनिफोल्ड मुद्दाम तापत्या एक्झॉस्टला खेटून बसवले गेले. धुराबरोबर वाया जाणारी थोडी उष्णता अशी कामी येत असे.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सीरीज इंजिन हे या विचाराचे ठळक उदाहरण. त्याच्या सिलिंडर हेडला पाच छिद्रे : दोन हवा घेणारी, तीन धूर सोडणारी, आणि पाचही एकाच बाजूला. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये हे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन दोन एसयू कार्ब्युरेटरांसह बसवलेले होते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून तयार होऊ लागलेल्या अ‍ॅम्बेसेडरलाही काही वर्षांतच त्याच घराण्याचे, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन मिळाले. इंग्लंडमधील तरुणांची उघड्या टपाची गाडी आणि भारतातील मंत्र्यांची, जिल्हाधिकाऱ्यांची, टॅक्सीवाल्यांची गाडी यांचे हृदय एकच होते, ही गोष्ट अजूनही अनेकांना गंमतीची वाटते. फरक हवेत होता. जे इंजिन ऑक्सफर्डजवळच्या धुक्यात गरम राहावे म्हणून घडवले होते, ते नागपूर, जयपूरच्या मे महिन्यात आले.

साध्या पेट्रोलचे सर्वांत हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. चालत्या गाडीत पंख्याचा वारा आणि वाहते ताजे इंधन यांमुळे निभावून जाते. खरी अडचण गाडी थांबल्यावर येते. वारा थांबतो, पाण्याचा फेरा थांबतो आणि लोखंडी हेडमध्ये साठलेली उष्णता सावकाश वर चढते. पंपात आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते, कार्ब्युरेटरच्या वाटीतले इंधन उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते, आणि दहा मिनिटांपूर्वी उत्तम चाललेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याचा घाट चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना पंपावर गुंडाळलेले ओले फडकेही आठवेल. त्या फडक्याला कोणी विज्ञान म्हटले नाही. पण बाष्पीभवनाने आणलेले संकट बाष्पीभवनानेच परतवण्याचा तो अगदी शास्त्रशुद्ध उपाय होता.

स्पोर्ट्स कारवाल्यांना याखेरीज आणखी एक चिंता असते. झाक शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस हेरलेला आणि गे-ल्युसाकने १८०२ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की, दाब तोच असेल तर वायूचे आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. २० अंशांची हवा ५० अंशांना पोहोचली की तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते. हवा कमी, म्हणजे प्राणवायू कमी, म्हणजे जाळता येणारे इंधनही कमी. शर्यतीत ९ टक्के ही किरकोळ बाब नव्हे.

यावर उपाय धातुशास्त्राने दिला नाही, रसायनशास्त्राने दिला. १९०७ मध्ये लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनज्ञाने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनवले. तापल्यावर न वितळणारा हा पदार्थ विजेच्या बटणांमुळे घरोघरी गेला. इंजिनात मात्र त्याचे महत्त्व वेगळे. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत तो उष्णता शेकडो पटींनी कमी वाहतो. १९६२ साली आलेल्या एमजीबीत कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये याच कुळातील फिनॉलिक ठोकळे आणि पत्र्याचा पडदा दिसतो. म्हणजे मॅनिफोल्ड तापू द्यायचे, पण इंधनाची वाटी गार ठेवायची. एकाच यंत्रात चार बोटांच्या अंतरावर उष्णतेला होकार आणि नकार असे दोन्ही दिलेले आहेत.

जुन्या एमजीवर ‘गार’ पॅकिंग बसवू पाहणारे हौशी लोक नेमके हेच विसरतात. बी-सीरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्ही मॅनिफोल्डांना मिळून एकच गॅस्केट असते, आणि मधल्या बोल्टांवरचे जाड वॉशर दोन्हींच्या कडा एकाच वेळी दाबून धरतात. फक्त इनटेकखाली जाड पॅकिंग घातले की दोन कडांची उंची जुळत नाही, वॉशर तिरपा बसतो आणि कुठून तरी गळती सुरू होते. इनटेकच्या बाजूने हवा आत शिरली तर मिश्रण विरळ होते आणि व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते. शिवाय फिनॉलिक एक्झॉस्टच्या उष्णतेत टिकत नाही. म्हणून या गाडीत रोधक जागा एकच : कार्ब्युरेटरच्या पायाशी.

या कामाची आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त गंभीर आहे. त्या काळातील कित्येक गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि सुरीने कोरडेच खरवडून ते काढण्याची गॅरेजमधली सवय त्याचे तंतू थेट फुप्फुसात पोहोचवते. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केला, पण तो निकाल रस्त्याकडेच्या मेकॅनिकच्या पोरापर्यंत कितपत झिरपला हा प्रश्नच आहे. जुने पॅकिंग ओले करून काढावे, फुंकर मारू नये, एवढे पाळले तरी धोका बराच घटतो.

इंधन थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी फवारणारे इंजेक्शन आले तेव्हा मॅनिफोल्डमधून केवळ कोरडी हवा जाऊ लागली आणि तिला तापवण्याचे मूळ कारण जवळजवळ संपले. आजच्या स्पोर्ट्स कारसाठी विकली जाणारी उष्णतारोधक गॅस्केटे हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसतात ती त्यामुळेच. तिथे बोल्ट पुरेसे लांब असावे लागतात, ते मधून बाहेरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळावे लागतात, आणि मॅनिफोल्डमधून इंजिनाचे पाणी फिरत असेल तर तिथल्या उष्णतेला हा तुकडा अडवू शकत नाही. जाहिरातींतील अश्वशक्तीच्या आकड्यांवर फार विसंबू नये. पूर्ण वेगात हवा नळीतून इतक्या झटकन जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही. लाभ दिसतो तो वाहतूक कोंडीत, आणि तापलेली गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा निघताना.

इथेनॉल या जुन्या हिशेबात दोन्ही बाजूंनी शिरते. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता खेचते, म्हणजे आत जाणारी हवा अधिक गार करते. त्याच वेळी पेट्रोलच्या हलक्या घटकांशी मिसळल्यावर ते मिश्रणाचा बाष्पदाब वाढवते, म्हणजे पंपात आणि वाटीत इंधन लवकर उकळू शकते. भरीला, वजनाच्या सुमारे ३५ टक्के प्राणवायू त्याच्यातच असल्याने ठरलेल्या जेटचा कार्ब्युरेटर मिश्रण अधिक विरळ देतो. इंजेक्शनच्या गाडीत दाबाखालचे इंधन आणि संगणक हे सारे सांभाळतात. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण देशभर जपलेल्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि थोड्याफार एमजी अजून चालतात. त्यांच्या मालकांनी नव्या पेट्रोलसाठी नळ्या बदलताना कार्ब्युरेटरखालचा तो काळपट ठोकळा तडकलेला तर नाही, आणि पूर्वी कोणा मेकॅनिकने अडचण म्हणून काढून टाकलेला पत्र्याचा पडदा जागेवर आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे.