बुशवॉकिंग म्हणजे काय? सुट्टीच्या भटकंतीतून ऑस्ट्रेलियातलं एक राष्ट्रीय उद्यान कसं उभं राहिलं?

शनिवारी दुपारी काम सुटलं की पाठीवर सॅक टाकायची, ट्रेन पकडायची, डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं आणि रविवारी रात्री चिखलाने माखून घरी परतायचं. सोमवारी सकाळी पुन्हा ऑफिस.

मुंबई-पुण्यातल्या ट्रेकर्सना हे चित्र ओळखीचं वाटेल. पण ही गोष्ट आहे शंभर वर्षांपूर्वीच्या सिडनीची. तिथल्या काही नोकरदार माणसांनी हौस म्हणून डोंगर पालथे घालायला सुरुवात केली. त्यातल्या एकाने हा छंद आयुष्यभर सोडला नाही. त्याच्या चालण्यातून आधी वह्या भरल्या, मग नकाशे तयार झाले आणि त्या नकाशांच्या आधारावर एक राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं.

त्या माणसाचं नाव मायल्स डन्फी.

बुशवॉकिंग म्हणजे नेमकं काय?

ऑस्ट्रेलियात वस्तीबाहेरच्या रानाला सरसकट ‘बुश’ म्हणतात. त्या रानातून पायी भटकणं म्हणजे बुशवॉकिंग. आपण ज्याला ट्रेकिंग किंवा डोंगरभटकंती म्हणतो, साधारण तेच.

साधारण म्हणायचं कारण म्हणजे तिथला भूगोल. सिडनीच्या पश्चिमेला ‘ब्लू माउंटन्स’ नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. नावात डोंगर असले तरी ते प्रत्यक्षात वाळूच्या खडकाचं एक मोठं पठार आहे. नद्यांनी ते कापून काढलं आहे, त्यामुळे जागोजागी सरळसोट कडे आणि खोल दऱ्या आहेत. रेल्वे आणि गावं पठारावर आहेत. म्हणजे सह्याद्रीत आपण आधी चढतो आणि मग उतरतो, इथे आधी दरीत उतरायचं आणि दमल्यावर चढून परत यायचं.

या दऱ्या युकॅलिप्टसच्या झाडांनी भरलेल्या आहेत. आपण ज्यांना निलगिरी म्हणतो, तीच ही झाडं, मूळची ऑस्ट्रेलियातली. लांबून हे डोंगर निळसर दिसतात, म्हणून त्यांना ब्लू माउंटन्स म्हणतात.

मायल्स डन्फी कोण होते?

डन्फी यांचा जन्म १८९१ सालचा. ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे आराखडे काढणं हा त्यांचा पेशा. पुढे त्यांनी सिडनी टेक्निकल कॉलेजमध्ये अनेक वर्षं आर्किटेक्चर शिकवलं. डोंगर हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. तो सुट्टीचा छंद होता.

१९१४ साली त्यांनी रॉय रडर आणि बर्ट गॅलप या दोन मित्रांसोबत ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ सुरू केला. क्लब छोटा होता. निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता आणि सगळे सदस्य पुरुष होते.

हे लोक ज्या भागात जायचे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणांचे धड नकाशेच नव्हते. कुठला ओढा कुठल्या नदीला मिळतो, कुठल्या सोंडेवरून खाली उतरता येतं, पाणी कुठे मिळतं, हे प्रत्यक्ष चालूनच कळायचं. डन्फी चालता चालता टिपणं काढायचे. घरी आल्यावर ड्राफ्ट्समनच्या सवयीने ती माहिती कागदावर उतरवायचे. पुढच्या वेळी जाऊन ती पुन्हा तपासायचे.

असे त्यांचे नकाशे वर्षानुवर्षं वाढत गेले. ज्या शिखरांना नकाशावर नाव नव्हतं, त्यांना त्यांनी नावंही दिली. एका शिखराचं नाव ‘क्लाउडमेकर’, म्हणजे ढग घडवणारा. दुसऱ्याचं ‘स्टॉर्मब्रेकर’, म्हणजे वादळ अडवणारा. ही नावं आजही वापरात आहेत.

बाबागाडी घेऊन डोंगरात

लग्न झालं, मूल झालं की ट्रेकिंग सुटतं, असं आपल्याकडेही म्हटलं जातं. डन्फी कुटुंबाने यावर वेगळाच उपाय काढला.

१९३१ साली मायल्स आणि त्यांची पत्नी मार्गारेट कनांग्राच्या कड्यांकडे पायी निघाले. सोबत चिमुकला मुलगा मायलो होता, आणि तो बसला होता बाबागाडीत. दगडधोंड्यांच्या वाटेवर या गाडीची चाकं वारंवार दुरुस्त करावी लागली. तिला नाव मिळालं ‘कनांग्रा एक्स्प्रेस’. सोबतच्या कुत्र्याच्या पायांनाही चामड्याचे बूट होते.

हा किस्सा ऑस्ट्रेलियन भटक्यांमध्ये आजही सांगितला जातो. बाबागाडीतला तो मुलगा पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

महिलांसाठी दार कधी उघडलं?

१९२७ साली ‘सिडनी बुश वॉकर्स’ हा नवा क्लब सुरू झाला. यात स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश होता. ‘बुशवॉकर’ हा शब्द रूढ होण्यात या क्लबचा मोठा वाटा आहे.

याच क्लबमधली एक गाजलेली सदस्य म्हणजे डॉट बटलर (१९११-२००८). त्या डोंगरात अनवाणी चालायच्या आणि कातळावरही अनवाणीच चढायच्या. १९३६ साली डॉ. एरिक डार्क यांच्यासोबत त्यांनी वॉरंबंगल पर्वतरांगेतल्या ‘क्रेटर ब्लफ’ या उभ्या सुळक्यावर चढाई केली. ऑस्ट्रेलियाच्या प्रस्तरारोहणाच्या इतिहासात ही चढाई महत्त्वाची मानली जाते. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही ‘द बेअरफूट बुशवॉकर’ असंच आहे.

याच काळात पॅडी पॅलिन नावाच्या माणसाची महामंदीत नोकरी गेली. तेही भटके होते आणि बाजारात मिळणारं जड सामान पाठीवर वाहून वैतागलेले होते. १९३० साली त्यांनी घरीच हलक्या सॅक आणि तंबू शिवायला सुरुवात केली. सामान हलकं झालं तसं लांब पल्ल्याच्या वाटा जास्त लोकांच्या आवाक्यात आल्या.

ब्लू गम जंगलात काय घडलं?

१९३१ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही बुशवॉकर्स ग्रोज नदीच्या दरीत मुक्कामाला होते. तिथे ‘ब्लू गम’ जातीच्या उंच निलगिरी वृक्षांचं एक देखणं जंगल आहे. मुक्कामात त्यांची गाठ एका शेतकऱ्याशी पडली. जमीन लीजवर त्याच्याकडे होती. ही झाडं तोडून अक्रोडाची बाग लावायची, असा त्याचा बेत होता.

कायद्याने तो चुकीचं काहीच करत नव्हता. त्यामुळे आंदोलन करून फारसं काही साधणार नव्हतं. भटक्यांनी सरळ सौदा करायचं ठरवलं.

नोव्हेंबर १९३१ मध्ये दोन्ही बाजू त्या जंगलातच भेटल्या. भर पावसात बोलणी झाली. डन्फीही तिथे होते. १३० पौंड दिले तर शेतकरी लीज सोडायला तयार झाला.

महामंदीच्या काळात १३० पौंड ही लहान रक्कम नव्हती. दोन्ही क्लबच्या सदस्यांनी वर्गणी काढली, कार्यक्रम करून पैसे उभे केले आणि उरलेल्या रकमेसाठी बिनव्याजी कर्ज घेतलं. १९३२ मध्ये हे जंगल राखीव म्हणून जाहीर झालं. ती झाडं आजही उभी आहेत.

या प्रसंगातून भटक्यांना एक गोष्ट नीट कळली. ते तिथे मुक्कामाला गेले नसते, तर झाडं कधी तोडली गेली हे शहरात कुणाला कळलंही नसतं.

एक नकाशा आणि ३७ वर्षं

डन्फी यांच्या डोक्यात मात्र एका जंगलापेक्षा मोठी गोष्ट होती. १९२२ सालीच त्यांनी आपल्या क्लबपुढे एक योजना मांडली होती. ब्लू माउंटन्सचा सगळा प्रदेश मिळून एक मोठं राष्ट्रीय उद्यान व्हावं, अशी ती योजना.

अशा मागण्या सरकारकडे खूप येतात. डन्फींच्या मागणीचं वेगळेपण म्हणजे तिच्यासोबत नकाशा होता. कुठली दरी आत हवी, सीमा कुठल्या कड्यावरून जावी, हे त्यात आखलेलं होतं. त्या वाटा ते स्वतः चालले होते, त्यामुळे सरकारी अधिकाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडे जास्त तपशील असायचा.

ऑगस्ट १९३४ मध्ये ‘कटूंबा डेली’ या स्थानिक वृत्तपत्राने खास पुरवणी काढून ही योजना नकाशासह छापली. कटूंबा हे ब्लू माउंटन्समधलं प्रमुख गाव. ज्या प्रदेशाबद्दल चर्चा चालली होती, तो लोकांना पहिल्यांदाच एका कागदावर दिसला.

तरीही निर्णय लगेच झाला नाही. ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं १९५९ साली. पहिल्या टप्प्यात ६० हजारांहून जास्त हेक्टर जमीन संरक्षित झाली. योजना मांडली तेव्हा डन्फी तिशीत होते. उद्यान झालं तेव्हा ते ६७ वर्षांचे होते.

सगळं वाचलं का?

नाही. डन्फी आणि त्यांचे मित्र तरुणपणी ज्या बरागोरँग दरीतून हिंडले, ती आज पाण्याखाली आहे. सिडनीला पाणी पुरवण्यासाठी वॉरगॅम्बा धरण बांधलं गेलं आणि ते १९६० साली पूर्ण झालं. दरीतली शेतं, घरं आणि वाटा जलाशयात गेल्या.

या धरणाची भिंत आणखी सुमारे १४ मीटरने वाढवायचा प्रस्ताव अलीकडे पुढे आला होता. त्याने संरक्षित रान आणि मूळनिवासींची महत्त्वाची स्थळं पाण्याखाली जातील, म्हणून मोठा विरोध झाला. २०२३ मध्ये राज्य सरकारने तो बाजूला ठेवला.

हे रान खरंच निर्मनुष्य होतं का?

डन्फी यांच्या विचारातली एक मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. माणसाचा हात न लागलेला प्रदेश, अशी त्यांच्या पिढीची रानाबद्दलची कल्पना होती. वास्तव तसं नव्हतं.

ब्लू माउंटन्स हा हजारो वर्षांपासून गुंडुंगरा, धारुग आणि इतर मूळनिवासी समाजांचा प्रदेश आहे. इथल्या गुहांमध्ये त्यांची चित्रं आहेत. नकाशावर ‘नाव नसलेल्या’ अनेक जागांना त्यांच्या भाषेत आधीपासून नावं होती. बरागोरँग दरी बुडाली तेव्हा गुंडुंगरा लोकांच्या परंपरेतली ठिकाणंही तिच्यासोबत बुडाली.

म्हणून आज या उद्यानांबद्दल बोलताना भटक्यांच्या कामासोबत मूळनिवासींचा हक्कही सांगितला जातो.

बाबागाडीतला मुलगा पुढे काय करतो?

मायलो डन्फी मोठे होऊन आर्किटेक्ट झाले आणि वडिलांसारखेच भटकेही. १९६८ मध्ये कोलाँग गुहांजवळ चुनखडीच्या खाणीचा प्रश्न पेटला. सोबतच बॉइड पठारावरचं मूळ रान तोडून पाइनची लागवड करायची योजनाही होती. याविरोधात ‘कोलाँग कमिटी’ उभी राहिली आणि मायलो तिचे प्रमुख कार्यकर्ते होते.

वडिलांची पद्धत नकाशा आणि निवेदनाची होती. मुलाची पद्धत मोहिमेची होती: पत्रकार परिषदा, भागधारकांच्या सभा, निवडणुकीच्या काळात दबाव. खाणही झाली नाही आणि पाइनची लागवडही थांबली.

१९६९ मध्ये कनांग्रा-बॉइड आणि १९७९ मध्ये वॉलेमाय ही राष्ट्रीय उद्यानं जाहीर झाली. मायल्स यांना १९७७ मध्ये ‘ओबीई’ हा सन्मान मिळाला. १९८५ साली, ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मायलो १९९६ साली गेले.

आज तिथे काय आहे?

१९९४ मध्ये डेव्हिड नोबल हे उद्यान अधिकारी मित्रांसोबत सुट्टीत वॉलेमायच्या एका अरुंद घळीत उतरले. तिथे त्यांना एक अनोळखी झाड दिसलं. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा कळलं की या झाडाचे सगळ्यात जवळचे नातलग फक्त जीवाश्मांमध्येच सापडतात. त्याला ‘वॉलेमाय पाइन’ नाव मिळालं. रानात त्याची शंभराहूनही कमी पूर्ण वाढलेली झाडं आहेत.

२००० साली हा सगळा प्रदेश ‘ग्रेटर ब्लू माउंटन्स’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्यात सात राष्ट्रीय उद्यानं आणि एक संरक्षित गुहाक्षेत्र आहे. एकूण क्षेत्र १० लाख हेक्टरपेक्षा जास्त आहे.

२०१९-२० च्या वणव्यात या वारसा क्षेत्राचा बहुतांश भाग होरपळला. वॉलेमाय पाइन वाचवण्यासाठी अग्निशमन दलाने हेलिकॉप्टरने माणसं घळीत उतरवली आणि झाडांच्या मुळाशी ओलावा राहील अशी व्यवस्था केली. झाडं वाचली. त्यांची नेमकी जागा आजही गुप्त ठेवली जाते, कारण येणाऱ्यांच्या बुटांच्या मातीतूनही त्यांना रोग लागू शकतो.

ब्लू गम जंगलात मात्र कुणालाही जाता येतं. ब्लॅकहीथ गावाजवळच्या कड्यावरून खडी वाट खाली उतरते. आता तिथे मुक्काम करायला मनाई आहे. झाडांखालची माती दाबली जाऊ नये, म्हणून तंबू थोड्या अंतरावर लावायचे असतात. ९० वर्षांपूर्वी वर्गणी काढून वाचवलेली ती झाडं बघायची, आणि मग दम खात पुन्हा चढून वर यायचं.