सेञ : पगार थकलेल्या शिपायांचे शहर

एड्रियाटिक समुद्राच्या नकाशावर सेञ आज शोधावे लागते. क्रोएशियाच्या उत्तर किनाऱ्यावर, वेलेबित पर्वताच्या पायथ्याशी, क्रक बेटासमोर वसलेले हे छोटेसे बंदर. लोकसंख्या अवघी काही हजार. तरीही १६१५ साली याच शहरापायी व्हेनिसचे प्रजासत्ताक आणि हाब्सबर्ग घराणे यांच्यात युद्ध पेटले. एवढ्याशा गावाने दोन सत्तांना रणांगणात खेचावे, हे घडले कसे?

त्याआधी या शहराची दुसरी ओळख करून घ्यायला हवी, कारण समुद्री लुटारूंच्या कथांत ती हरवून जाते. सेञ हे पुस्तकांचे गाव होते. मध्ययुगीन युरोपात रोमन चर्चची उपासना लॅटिनमध्ये चाले. पण १२४८ साली पोप चौथे इनोसंट यांनी सेञचे बिशप फिलिप यांना स्लाव्ह भाषेत आणि ग्लागोलिती लिपीत उपासना करण्याची अनुमती दिली. १४९४ मध्ये ब्लाझ बारोमिच यांनी याच लिपीतला उपासनाग्रंथ सेञमध्ये छापला. गुटेनबर्गच्या बायबलला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षे झाली होती.

मग तुर्क आले. दक्षिणेकडे स्प्लितजवळचा क्लिसचा किल्ला वर्षानुवर्षे झुंजत होता. १५३७ साली किल्लेदार पेतार क्रुझिच मारला गेला, किल्ला पडला आणि तिथले बरेचसे लढवय्ये सेञला येऊन राहिले. ऑटोमन मुलखातून पळून आलेल्या अशा लोकांना ‘उस्कोक’ म्हणत. क्रोएशियन भाषेतल्या ‘उडी मारून आत येणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला. पुढे त्यांच्यात व्हेनिसच्या मुलखातले फरारी आणि स्थानिक तरुणही मिसळले.

सेञची जागा अशा लोकांना फार सोयीची. मागे पर्वत, समोर बेटांची रांग आणि त्यांच्यामधून वाहणारा ‘बुरा’ नावाचा थंड, झोडपणारा वारा. वेलेबितच्या खिंडीतून तो सुटला की मोठ्या गलबतांना बंदराजवळ येणे अशक्य होई. उस्कोकांच्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या मात्र खाड्या-कपारींत सहज दडत. सेञच्या बायका गुहेत आग पेटवून हा वारा बोलावतात, अशी समजूत व्हेनिसमध्ये पसरली होती. हतबल आरमाराला कारण तर हवेच असते.

१५५८ मध्ये सेनानी इव्हान लेन्कोविच याने शहराबाहेरच्या टेकडीवर ‘नेहाय’ हा चौकोनी किल्ला बांधला. शत्रूच्या हाती लागून त्यांचा तळ होऊ नये म्हणून तटाबाहेरची चर्चे आणि मठ पाडण्यात आले, आणि त्यांचेच दगड किल्ल्याला लागले. किल्ल्याच्या नावाचा भावार्थ ‘चिंता नको’ असा. किल्ला आजही उभा आहे.

आता खरा पेच. उस्कोक हे हाब्सबर्गांच्या लष्करी सरहद्दीचे शिपाई होते. पण वेतनपटावर त्यांतल्या थोड्यांचीच नावे असत, आणि त्यांचाही पगार महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे थकलेला असे. सेञभोवती शेतीला जमीन जवळपास नाहीच. सरहद्द राखायला माणसे हवीत, पण त्यांना पोसायला खजिना रिकामा. अशा वेळी त्यांनी शत्रूच्या मुलखावर धाडी घालून पोट भरावे, ही सोय दरबारालाही नकोशी नव्हती. लूट गावभर झिरपे. मठांनाही त्यातला वाटा मिळे. उस्कोकांच्या लेखी हे धर्मयुद्ध होते. ते ढोंगही नव्हते आणि संपूर्ण सत्यही नव्हते. कारण ऑटोमन अमलाखालची ख्रिस्ती खेडीही त्यांना खंडणी देत. सुलतानाचा कर वेगळा, उस्कोकांचा वेगळा. दोहोंमध्ये भरडला गेला तो दाल्मेशियाचा शेतकरी.

व्हेनिसने १५७३ मध्ये सुलतानाशी तह केला आणि प्रकरण चिघळले. एड्रियाटिकला व्हेनिस आपले खासगी आखात मानत असे, आणि त्या पाण्यातल्या व्यापाराला संरक्षण देणे ही आपली जबाबदारीही. आता व्हेनिसच्या जहाजांतून ऑटोमन प्रजाजनांचा, मुस्लिम आणि ज्यू व्यापाऱ्यांचा माल जाऊ लागला. जहाज मित्राचे, माल शत्रूचा! उस्कोक माल उतरवून घेत. व्हेनिसच्या दृष्टीने ही सरळ चाचेगिरी होती, आणि सुलतानाकडून येणारा जाब व्हेनिसलाच द्यावा लागे. दुखण्याची आणखी एक बाजू अशी, की व्हेनिसच्या गलबतांवरचे दाल्मेशियन खलाशी उस्कोकांशी लढताना हात आखडता घेत. अनेकांचे त्यांच्याशी नातेगोते होते. शेवटी व्हेनिसला परक्या मुलखातले शिपाई आणावे लागले.

हाब्सबर्गांनी बंदोबस्ताचा प्रयत्न केला नाही असे नाही. १६०१ साली योसिप राबाटा हा अधिकारी सेञमध्ये आला. त्याने काही म्होरक्यांना फासावर चढवले, अनेकांना अंतर्भागात धाडले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला उस्कोकांनी त्याला ठार केले. मध्यस्थी करून पाहणाऱ्यांत सेञचे बिशप मार्क आंतून दे दोमिनिस हेही होते. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे : इंद्रधनुष्यावर ग्रंथ लिहिणारा, पुढे रोमशी भांडून इंग्लंडला गेलेला, परत येऊन रोमच्या कैदेत मेलेला. न्यूटननेही आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे.

१६१३ मध्ये आपल्या माणसांच्या हत्येचा सूड म्हणून उस्कोकांनी व्हेनिसचे एक गलबत पकडले आणि त्याचा नायक क्रिस्तोफोरो व्हेनिएर याचा शिरच्छेद केला. त्यांनी त्याचे काळीज खाल्ले, अशी वार्ता व्हेनिसने युरोपभर पसरवली. उस्कोकांविषयीचे गाजलेले बरेचसे लेखन व्हेनिसच्या बाजूचे आहे, हे ती वाचताना विसरता कामा नये.

दोन वर्षांनी युद्ध सुरू झाले. व्हेनिसच्या बाजूने डच सैनिक उतरले, तर ग्रादिस्काच्या वेढ्यातल्या हाब्सबर्ग सैन्याला मदत घेऊन आलेल्यांत वालेनस्टाइन नावाचा एक सरदार होता. तीस वर्षांच्या युद्धात हे नाव पुढे साऱ्या युरोपला ठाऊक झाले. १६१७ च्या माद्रिद तहाने निकाल लागला : उस्कोकांना सेञमधून हलवायचे, त्यांच्या होड्या जाळायच्या, बंदरात जर्मन शिबंदी ठेवायची. कुटुंबेच्या कुटुंबे समुद्र सोडून डोंगराळ अंतर्भागात गेली.

सेञ उरले. ‘क्रोएशिया रेदिविवा’चा कर्ता पावाओ रित्तर वितेझोविच १६५२ मध्ये इथेच जन्मला. १७७९ साली कार्लोव्हाचहून वेलेबित ओलांडून येणारा जोसेफीन रस्ता झाला आणि धान्य व लाकूड इथून जहाजांत चढू लागले. १८७३ मध्ये रियेकाला रेल्वे पोहोचली, आणि व्यापार तिकडे वळला.

नेहायमध्ये आता उस्कोकांचे संग्रहालय आहे. कुर्ट हेल्ड या लेखकाने १९४१ साली प्रसिद्ध केलेली ‘लाल झोरा’ ही जर्मन बालकादंबरी याच गावात घडते : निराधार मुलांची एक टोळी किल्ल्यात लपून राहते आणि स्वतःला उस्कोक म्हणवते.